बारा म्हणजे किती?

चित्रपटाच्या पोस्टरच्या कोपऱ्यात छापलेला १२ हा आकडा घ्या. फ्रान्समध्ये त्याचा अर्थ असा, की बारा वर्षांखालच्या मुलाला आत सोडायचं नाही. आई एका बाजूला आणि बाबा दुसऱ्या बाजूला उभे असले तरी नाही. ब्रिटनमध्ये थिएटरात तो '१२ए' होतो आणि मोठं माणूस सोबत असेल तर आठ वर्षांचं पोरही आत जातं. तोच चित्रपट डिस्कवर आला की 'ए' गळून पडतो, आणि बारा वर्षांखालच्या मुलाला ती डिस्क विकणं हा गुन्हा ठरतो. जर्मनीत पालक बरोबर असतील तर सहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला चालतं. जपानचा 'पीजी१२' हा पालकांना दिलेला सल्ला आहे, दारावरची मनाई नव्हे. नेदरलँड्समध्येही १२ हा सल्लाच. तिथे कायद्याची सक्ती सुरू होते ती १६ पासून.

कुठल्या देशाने कुठल्या चित्रपटाला किती वय दिलं याचे तक्ते इंटरनेटवर फिरत असतात, आणि त्यावरून कोण पुढारलेलं, कोण मागासलेलं असे निकालही लागतात. शेर आणि मैल एकाच रकान्यात मांडावेत तसे ते तक्ते असतात. २०१५ सालच्या 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे'चं उदाहरण नेहमी दिलं जातं: फ्रान्समध्ये १२, ब्रिटनमध्ये १८, अमेरिकेत 'आर', मलेशियात बंदी. वरवर पाहता फ्रान्स सगळ्यात सैल. पण अमेरिकेतल्या 'आर'चा अर्थ एवढाच, की सतरा वर्षांखालच्यांनी पालकासोबत यावं. म्हणजे नियमाने दहा वर्षांचं मूल आईशेजारी बसून तो चित्रपट बघू शकतं. फ्रान्समध्ये त्याच मुलाला दारातून परत जावं लागतं. कोण सैल आणि कोण कडक, हे आधी कोणासाठी विचारताय त्यावर आहे. चौदा वर्षांच्या मुलासाठी विचारलं तर उत्तर उलटतं.

देशादेशांतली ही तफावत मला स्वतःला दोष वाटत नाही. मुलांना कशापासून जपायचं आणि तो निर्णय कोणी घ्यायचा, आईवडिलांनी, सरकारने की धंद्याने, याची उत्तरं समाजागणिक वेगळी असणारच. मला खुपतं ते दुसरंच: चित्रपट बदललेला असतो आणि तिकीट काढणाऱ्याला ते कोणी सांगत नाही. तफावत उघड्यावर असते, तिच्यावर भांडता येतं. कात्री बहुतेक वेळा अंधारात चालते.

आधी हे आकडे देणारी मंडळं आली कुठून ते बघायला हवं, कारण प्रत्येकाच्या आकड्यात त्याचा जन्म दडलेला आहे. ब्रिटनची गोष्ट सगळ्यात विलक्षण. तिथल्या सेन्सॉरशिपचं मूळ नीतिमत्तेत नाही, आगीत आहे. त्या काळची नायट्रेटची फिल्म भडकन पेटायची, म्हणून १९०९ च्या कायद्याने चित्रपटगृहांना परवाना देण्याचं काम स्थानिक परिषदांकडे सोपवलं. परवान्याला अटी घालता येतात; मग परिषदा आगीच्या अटींसोबत काय दाखवायचं याच्याही अटी घालू लागल्या आणि न्यायालयांनी ते मान्य केलं. एका गावात चालणारा चित्रपट शेजारच्या गावात अडू लागला तसा धंदा हैराण झाला. त्यातून १९१२ साली चित्रपट उद्योगानेच स्वतःचं मंडळ काढलं, सगळ्या परिषदांनी त्याचं ऐकावं म्हणून. त्याच्या नावातला 'सेन्सॉर' शब्द १९८४ मध्ये जाऊन तिथे 'क्लासिफिकेशन' आलं. पण थिएटरपुरता शेवटचा अधिकार आजही परिषदांकडेच आहे. १९९७ मध्ये 'क्रॅश' या चित्रपटाला मंडळाने १८ देऊन एकही कट न घेता सोडलं, तरी लंडनच्या वेस्टमिन्स्टर परिषदेने आपल्या हद्दीत तो लावू दिला नाही. २००२ मध्ये 'स्पायडर-मॅन'च्या वेळी उलटं झालं: मंडळाने १२ दिलं, तेव्हाचं ते १२ बंद दाराचं होतं, आणि काही परिषदांनी लहान मुलांना परस्पर आत सोडायचं ठरवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये '१२ए' देशभर आलं.

अमेरिकेत तर कायदा मुळात नाहीच. १९१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सिनेमा हा निव्वळ धंदा आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्य नाही, असं म्हटलं होतं. १९५२ मध्ये ते फिरवलं. १९६८ च्या एप्रिलमध्ये दोन निकाल आले, त्यांनी अल्पवयीनांसाठी वेगळा नियम करायला वाट मोकळी केली. आता शहराशहरात नियम निघणार हे ओळखून उद्योगाने त्याच वर्षी १ नोव्हेंबरला स्वतःची पद्धत सुरू केली. श्रेणी ठरवणारे लोक म्हणजे लहान मुलांचे पालक. थिएटरवाल्याने नियम मोडला तर पोलीस येत नाहीत. तरीही १९९० मध्ये आलेल्या 'एनसी-१७' या सगळ्यात वरच्या, फक्त प्रौढांना आत सोडणाऱ्या श्रेणीला निर्माते घाबरतात, कारण ती मिळाली की कित्येक थिएटरं चित्रपट लावायला आणि जाहिरातवाले जाहिरात घ्यायला नाखूश असतात. मग निर्माता स्वतःच संकलकाकडे जातो आणि 'आर' मिळेपर्यंत कापत राहतो. सरकारने हात लावलेला नसतो आणि चित्रपट मात्र कापला गेलेला असतो.

स्वीडनने १९११ मध्ये सरकारी मंडळ काढलं, जगातलं पहिलं देशपातळीवरचं. प्रौढांसाठीचं सेन्सॉर त्यांनी २०११ पासून बंद केलं. आता तिथे सगळ्यात वरची पायरी १५ची. पंधरा वर्षांच्या मुलाला कुठल्याही चित्रपटाला अडवता येत नाही. डेन्मार्कने प्रौढांवरची बंधनं १९६९ मध्येच काढली, आणि तिथे सात वर्षांचं मूल मोठ्या माणसासोबत कुठलाही चित्रपट बघू शकतं. हे वाचून कोणी नाक मुरडेल, पण याच स्वीडनने १९८२ साली 'ई.टी.' अकरा वर्षांखालच्या मुलांना बंद केला होता. ब्रिटनमध्ये तो सर्वांसाठी खुला होता. स्वीडनची हरकत भीतीला होती, आणि चित्रपटात मोठी माणसं मुलांची वैरी म्हणून येतात याला होती. नग्नतेकडे सहज बघणारा समाज मुलांच्या मनातल्या असुरक्षिततेकडे इतक्या बारकाईने बघतो, यात मला विसंगती दिसत नाही. त्यांची भीतीच वेगळ्या जागी आहे.

शिवीचं गणित बघा. अमेरिकेच्या नियमावलीत ते जवळजवळ पाढ्यासारखं लिहिलेलं आहे: लैंगिक अर्थाच्या कडक शिव्यांपैकी एक, एकदाच, नुसती चीड म्हणून उच्चारली तर किमान 'पीजी-१३', म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावधगिरीचा इशारा. एकाहून जास्त वेळा आली तर 'आर'. लैंगिक अर्थानेच वापरली तर एकदाच असली तरी 'आर'. हे मोडायचं तर मंडळातल्या दोन तृतीयांश लोकांनी वेगळं मत द्यावं लागतं. २०१० च्या 'द किंग्ज स्पीच'मध्ये बोलताना अडखळणाऱ्या राजाला त्याचा उपचारक शिव्या द्यायला लावतो, कारण शिवी देताना जीभ अडखळत नाही. एका दमात कितीतरी शिव्या. अमेरिकेत मोजणी झाली आणि 'आर' मिळालं. ब्रिटनमध्ये आधी १५ मिळालं, वितरकाने दाद मागितली, आणि शिव्या उपचाराचा भाग आहेत, कोणाच्या अंगावर फेकलेल्या नाहीत, हे मान्य होऊन '१२ए' झालं. पुढच्या वर्षी अमेरिकेत काही शिव्या म्यूट केलेली 'पीजी-१३' आवृत्ती लावली गेली. म्हणजे ज्या प्रसंगात त्या माणसाचा आवाज पहिल्यांदा मोकळा होतो, नेमका तिथेच आवाज घालवला. मोजून दिलेल्या नियमाचा हा धोका कायमचा आहे. त्याचा फायदाही आहे, निर्मात्याला आधी कळतं आपण कुठे उभे आहोत. पण शब्द कोण, कोणाला, कशासाठी बोलतो हे मोजणीत येत नाही.

हिंसेच्या बाबतीत हीच अमेरिका बरीच सैल होते. २००८ च्या 'द डार्क नाइट'ला तिथे 'पीजी-१३', ब्रिटनमध्ये '१२ए', जर्मनीत १६, स्वीडनमध्ये १५. रक्त न दाखवता मारहाण दाखवली की अँग्लो-अमेरिकन मंडळं तिला खालच्या पायरीवर बसवतात. जर्मन आणि स्वीडिश मंडळं वातावरणातला दाब बघतात, जखम दिसली की नाही हे दुय्यम. उलट २०१३ च्या 'ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर'ला, लांबलचक शरीरसंबंधांच्या दृश्यांसह, फ्रान्समध्ये १२ आणि अमेरिकेत 'एनसी-१७'. फ्रान्समध्येही ते १२ निवांत राहिलं नाही: पॅरिसच्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये त्याचा परवाना रद्द ठरवला, आणि पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला.

ब्रिटनचा एक निकष मला फार शहाणपणाचा वाटतो, जरी त्याची सुरुवातीला थट्टा झाली. मूल हे करून बघेल का, हा तो प्रश्न. दोन्ही तळव्यांनी एकाच वेळी समोरच्याच्या कानांवर मारणं, कपाळाने कपाळावर धडक देणं, असल्या गोष्टी हे मंडळ मुलांच्या चित्रपटांतून काढायला लावत आलं आहे. कारण साधं आहे. कानावर बसलेल्या तळव्याने कानाचा पडदा फाटू शकतो, आणि चित्रपटातला नायक ते केल्यावर हसत पुढे जातो. २००२ सालच्या 'स्टार वॉर्स'च्या भागात, 'पीजी' ही पालकांना नुसता सल्ला देणारी खालची श्रेणी मिळावी म्हणून, अशी कपाळाची धडक काढली गेली. त्याच चित्रपटात तलवारीने डोकं उडवलेलं मात्र राहिलं. ऐकायला विचित्र वाटतं, पण क्षणभर पाच-सहा वर्षांच्या पोराच्या जागी उभं राहून बघा. लेझरची तलवार कोणाच्या घरात नसते. कपाळ सगळ्यांकडे असतं. याच तर्काने तिथे सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून वीसेक वर्षं साखळीने जोडलेले दोन दांडके, नुनचाकू, पडद्यावर नुसते दिसले तरी कापले जायचे, प्रौढांच्या चित्रपटांतूनसुद्धा. तिथे मात्र तो तर्क ताणला गेला होता. पुढे मंडळाने तो सोडला.

प्राण्यांचा नियम याहून वेगळ्या घडणीचा आहे, कारण त्यात वयाचा प्रश्नच येत नाही. ब्रिटनच्या १९३७ च्या कायद्यानुसार चित्रीकरणासाठी प्राण्याला मुद्दाम क्रूरपणे वेदना किंवा दहशत दिली असेल तर ते दृश्य कोणालाच दाखवता येत नाही, चित्रीकरण जगात कुठेही झालेलं असो. जुन्या युद्धपटांत आणि काउबॉयपटांत तार लावून धावत्या घोड्याला पाडत. त्या पडझडी ब्रिटिश प्रतींतून आजही गायब असतात, आणि शेजारच्या देशात तोच चित्रपट पूर्ण मिळतो. भारतात निर्मात्याला प्राणी कल्याण मंडळाचं ना-हरकत पत्र आणावं लागतं, म्हणजे तपासणी कागदावर आणि आधी. अमेरिकेत 'एकाही प्राण्याला इजा झाली नाही' ही ओळ एका खासगी संस्थेच्या देखरेखीवर मिळते. एकाच घोड्यासाठी एकीकडे कायदा, दुसरीकडे कागद, तिसरीकडे देखरेख.

आता कात्रीकडे येतो. एक नियम जवळजवळ सगळीकडे लागू पडतो: वयाच्या पायऱ्या जितक्या कमी, तितकी कापाकापी जास्त. चीनमध्ये वयाच्या श्रेणीच नाहीत. ज्या चित्रपटाला परवानगी मिळते तो सर्वांसाठी, त्यामुळे जे लहान मुलाला चालणार नाही ते प्रौढालाही मिळत नाही. भारतात १९८३ पर्यंत 'यू' आणि 'ए' या दोनच मुख्य पायऱ्या होत्या. मग 'यूए' आलं, आणि आता त्याचेही ७, १३ आणि १६ असे तीन भाग झाले आहेत. पायऱ्या वाढल्या की मंडळाला 'हे काढा' याऐवजी 'हे थोड्या मोठ्या मुलांना दाखवा' असं म्हणता येतं. म्हणता येतं म्हणजे म्हटलं जाईलच असं नाही, पण सोय तरी झाली. संयुक्त अरब अमिरातीने २०२१ च्या डिसेंबरमध्ये २१ वर्षांवरची श्रेणी जाहीर केली ती याच विचाराने, की जगात जशी आवृत्ती लागते तशी लावता यावी. पुढच्याच वर्षी 'लाइटइयर' या बालपटातल्या दोन स्त्रियांच्या चुंबनावरून तिथे बंदी आली. सिंगापूरने तोच चित्रपट सोळा वर्षांवरच्यांसाठी सोडला. वरची पायरी बांधली म्हणून सगळ्या दृश्यांना जिना मिळतोच असं नाही.

कधी कधी कापत नाहीत, वर चिकटवतात. भारतात २०१२ पासून पडद्यावर कोणी सिगारेट ओढली की खाली इशारा झळकतो, शिवाय चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्याची चित्रफीत. २०१३ मध्ये 'ब्लू जॅस्मिन'च्या दिग्दर्शकाने हा इशारा आपल्या चौकटीत नको म्हणून चित्रपट भारतात लावूच दिला नाही. तंबाखूबद्दल सांगायलाच हवं यात मला शंका नाही. पण सुरुवातीची चित्रफीत ते काम करते. दृश्य चालू असताना अक्षरं आली की नजर चेहऱ्यावरून खाली घसरते, आणि त्या क्षणी नट जे करत असतो ते निसटतं.

प्रत्यक्षात कापतात कसं, हे समजल्याशिवाय न सांगितलेल्या कटचा त्रास कळत नाही. समजा तिसऱ्या रिळातले आठ सेकंद काढायचे आहेत. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे १९२ चौकटी. चित्र कापणं सोपं, आवाज अवघड. त्या आठ सेकंदांखाली पार्श्वसंगीताची एखादी ओळ चालू असते. चित्रासोबत तीही कापली तर ताल मध्येच उडी मारतो. पावसाचा, रहदारीचा, पंख्याचा सतत चालणारा आवाज पातळी बदलतो. ध्वनिलहर नेमकी वर असताना तुकडा तोडला तर स्पीकरमधून 'टक्' असा आवाज येतो. नीट करायचं तर संवाद, संगीत आणि इतर आवाज यांचे वेगवेगळे ट्रॅक हातात हवेत, म्हणजे संगीताची ओळ एखाद्या स्वरावर जुळवून घेता येते आणि पावसाचा आवाज कटच्या दोन्ही बाजूंना पसरवता येतो. पण स्थानिक वितरकाकडे बहुधा सगळं एकत्र मिसळलेला शेवटचा ट्रॅकच पोहोचलेला असतो. शिवी म्यूट करतानाही तेच. संवादाचा ट्रॅक वेगळा नसेल तर शब्दाबरोबर संगीत आणि खोलीतली हवासुद्धा जाते, आणि हॉलमध्ये अर्धा सेकंद भोक पडल्यासारखं होतं. आधी विचार केलेला असेल तर चित्रीकरणाच्या वेळीच नटांकडून सौम्य शब्दांतली वाक्यं बोलवून ठेवतात; तो खर्च थोडा असतो आणि फळ चांगलं मिळतं.

डिजिटल थिएटरात कात्री जवळजवळ अदृश्य झाली आहे. तिथे चित्रपट म्हणजे एक अखंड फाईल नसते. पंधरा-वीस मिनिटांची रिळं असतात, प्रत्येकात चित्र, आवाज आणि सबटायटल वेगवेगळे, आणि या सगळ्यांवर एक यादी असते, 'सीपीएल' म्हणतात तिला. कुठल्या फाईलच्या कितव्या चौकटीपासून किती चौकटी दाखवायच्या, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. त्यामुळे मूळ चित्राला हात न लावता नवी यादी लिहिली की कट झाला: एका रिळाच्या जागी दोन नोंदी, पहिली १९२ चौकटींच्या आधी थांबते, दुसरी नंतर सुरू होते. थिएटरच्या डिस्कवर ते आठ सेकंद तसेच पडून असतात. फक्त त्या थिएटरला पाठवलेली किल्ली, 'केडीएम', त्या एका यादीपुरतीच चालते. फाईलच्या लांबलचक नावात देश आणि श्रेणी लिहिण्याची जागा असते, 'जीबी-१५', 'यूएस-आर' अशी, म्हणजे प्रोजेक्शन सांभाळणाऱ्याला कुठली आवृत्ती लावायची ते कळतं. प्रेक्षकाला नाव दिसत नाही.

या सोप्या वाटेवर काय बिघडतं? यादीने तोडलेल्या जागी आवाज हळूच मिसळण्याची सोय नसते, म्हणून तो 'टक्' आणि ती तालाची उडी इथे हमखास येते. घाई नसेल तर त्या रिळाचा आवाज नव्याने बनवावा. सबटायटलची वेळ रिळाच्या सुरुवातीपासून मोजतात. दुसऱ्या नोंदीत तो फरक धरला नाही तर रीळ संपेपर्यंत प्रत्येक ओळ भलत्या तोंडावर येते. आणि दोन कट अगदी जवळ असले तर मधला तुकडा एका सेकंदाहून छोटा होऊ शकतो. तेवढं लहान रीळ मानकात बसत नाही, काही सर्व्हर तिथे अडखळतात. म्हणून तपासताना सुरुवात बघून भागत नाही. कटच्या दहा सेकंद आधीपासून रिळाच्या शेवटापर्यंत बघावं लागतं.

कापण्याऐवजी झाकण्याचेही प्रकार आहेत. चौकट मोठी करून नको ते कडेबाहेर ढकलायचं. पण चित्र दीडपट मोठं केलं की ते मऊ पडतं आणि शेजारच्या शॉटशी जुळत नाही. धूसर करायचं, अंधार वाढवायचा. आता संगणकाने कपडेही चढवतात: 'ओपनहायमर'च्या भारतात लागलेल्या आवृत्तीत खुर्चीत बसलेल्या नटीच्या अंगावर काळा पोशाख रंगवलेला होता. अमेरिकेत 'आर' असलेला चित्रपट त्यामुळे 'यूए'त बसला. झाकणं इतकं सफाईदार होत चाललं आहे की ज्याने मूळ पाहिलेलं नाही त्याला काही बदललंय हे कधीच कळणार नाही. म्हणूनच ते सांगायला हवं.

नकाशांवरच्या हरकतींची एक वेगळीच जात आहे, तिचा वयाशी संबंध नाही. २०१९ मधल्या 'अबॉमिनेबल' या बालपटात भिंतीवर टांगलेला एक नकाशा काही क्षण दिसतो, आणि त्यावर दक्षिण चीन समुद्रातली चीनच्या दाव्याची तुटक रेघ आहे. व्हिएतनामने चित्रपट थिएटरांतून उतरवला. मलेशियाने ते दृश्य कापून लावायला सांगितलं, निर्मात्यांनी नकार दिला, तिथे तो लागलाच नाही. २०२३ मध्ये 'बार्बी'तल्या खडूने काढल्यासारख्या नकाशावरून व्हिएतनामने बंदी घातली. त्याच समुद्रावर हक्क सांगणाऱ्या फिलिपीन्सने परवानगी दिली.

आणि काळही देशांसारखाच वागतो. 'जॉज' १९७५ साली अमेरिकेत 'पीजी' होता आणि आजही 'पीजी'च आहे, कारण 'पीजी-१३' ही पायरी तिथे १९८४ मध्ये आली आणि जुनी प्रमाणपत्रं तशीच राहिली. ब्रिटनमध्ये पुन्हा प्रदर्शित करताना पुन्हा तपासतात. २०१२ मध्ये तो '१२ए' झाला. तिथेच २०२४ मध्ये 'मेरी पॉपिन्स' एका वंशवाचक शब्दामुळे सर्वांसाठी खुल्या श्रेणीतून 'पीजी'त गेला. त्यामुळे जुन्या चित्रपटाचा आकडा बघताना तो कधी दिला हेही बघावं.

मुलांसाठी चित्रपट निवडणाऱ्यांनी आकड्यापेक्षा त्याच्याशेजारची ओळ वाचावी. ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया कारण शब्दांत देतात. नेदरलँड्सची पद्धत मला सगळ्यात उपयोगी वाटते: हिंसा, भीती, लैंगिकता, शिव्या, नशा आणि भेदभाव यांसाठी वेगवेगळी चित्रं. तिथे कंपनीचाच प्रशिक्षित माणूस प्रश्नावली भरतो आणि उत्तरांवरून वय निघतं; सगळ्यात वरचं वय जिथे लागलं ते अंतिम. प्रश्नावली चुकीची भरली तर आकडा चुकतो, पण निदान कशामुळे १२ लागलं ते पालकाला दिसतं. ज्या मुलाला अंधाराची भीती वाटते त्याच्या आईला शिव्यांची मोजणी कामाची नाही.

चित्रपट कापलेला आहे का हे शोधायचं असेल तर सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे लांबी. ब्रिटिश मंडळ आपल्या नोंदीत मिनिटं आणि सेकंद देतं, कट घेतले असतील तर तेही सांगतं, आणि वितरकाने आधी सल्ला मागून स्वतःच काही काढलं असेल तर त्याचाही उल्लेख करतं. हे सगळ्यांनी करायला हवं. दोन देशांच्या नोंदी शेजारी ठेवा. मात्र एका चुकीपासून सांभाळा: युरोपातल्या जुन्या व्हिडिओ पद्धतीत २४ चौकटींचा चित्रपट सेकंदाला २५ने पळतो, त्यामुळे १२० मिनिटांचा चित्रपट एकही चौकट न गमावता ११५ मिनिटं १२ सेकंदांचा होतो. चार टक्क्यांचा फरक आला तर तो वेग आहे, कट नाही. सुरुवातीची बोधचिन्हं आणि शेवटची अनुवादकांची नावं यांतही अर्धा-एक मिनिट जातं. ते सगळं वजा करून फरक उरला तर शोधायला लागा.

२०२२ च्या जानेवारीत चीनमधल्या एका व्हिडिओ सेवेवर 'फाइट क्लब' आला, तेव्हा प्रेक्षकांनी हेच केलं. इमारती कोसळतात त्या शेवटाऐवजी काळ्या पडद्यावर मजकूर होता, की पोलिसांनी कारस्थान हाणून पाडलं आणि गुन्हेगार पकडले गेले. लांबी बारा मिनिटांनी कमी भरत होती. गवगवा झाला, आणि फेब्रुवारीत त्यातली अकरा मिनिटं परत आली. लोकांनी दोन्ही प्रती शेजारी लावल्या आणि राहिलेलं बारावं मिनिट शोधून काढलं. ते बहुतेक नग्नतेचं होतं.